फाईल बरोबर, पॉइंट नॉर्वेत

जीपीएक्स फाईल (जीपीएसचे पॉइंट साठवायची) स्कीमाला, म्हणजे फाईल कशी असावी त्याच्या नियमावलीला लावली, पायथनने ‘ट्रू’ म्हणून सांगितलं, एकही एरर नाही, आणि नकाशावर टाकून बघते तर देवगडच्या बोटीचा पॉइंट नॉर्वेच्याही वर, ट्रॉम्सो आणि बेअर आयलंडच्या मधल्या समुद्रात. अक्षांश ७३.३५, रेखांश १६.३८. कोणीतरी दोन आकडे उलटसुलट टाकलेत, बाकी काही नाही. स्कीमा गप्प बसला कारण त्याच्या लेखी यात चूकच नाही, अक्षांश उणे ९० ते ९० च्या आत असला की त्याचं काम झालं, आणि ७३ हा ९० पेक्षा कमीच आहे. आपल्या किनाऱ्याची गंमत अशी की इथले दोन्ही आकडे दोन्ही जागी चालतात. जपानमध्ये कोणी अशी उलटापालट केली तर रेखांश १४० अक्षांशाच्या जागी जाईल आणि स्कीमा लगेच ओरडेल. कोकणात तो ओरडत नाही.

हे उद्योग कशासाठी, ते सांगते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, बोटी वर काढलेल्या, जाळ्यांची डागडुजी चाललेली, इंजिनं खोललेली, आणि बोटीवरचं जीपीएस मशीनही घरी आलेलं असतं. त्यातल्या कार्डावर किंवा मोबाईलच्या ॲपमध्ये वर्षभराचे पॉइंट साठलेले असतात. माशांचे पॉइंट कोणी कोणाला देत नाही, सख्ख्या भावालाही देत नाही, आणि ते बरोबरच आहे, आयुष्यभराची कमाई ती. पण जाळं अडकायच्या जागा, पाण्याखालची खडपं, बुडालेल्या जुन्या बोटी, या सगळ्यांच्याच कामाच्या, कारण जाळं फाटलं की नुकसान कुणाचंही होतं. तर तेवढ्याच पॉइंटांची एक फाईल करून सगळ्यांना द्यायची असं ठरलं, आणि ‘कॉम्प्युटरवाली’ म्हणून काम आलं माझ्याकडे. फाईली आल्या नाना तऱ्हेच्या: मशीनमधून थेट काढलेल्या, मोबाईल ॲपच्या, कोणाच्या भाच्याने वहीतले आकडे एक्सेलमध्ये टाईप करून कुठल्यातरी वेबसाईटवर बदलून आणलेल्या, आणि एक तर वर्डमध्ये उघडून सेव्ह केलेली, तिच्याबद्दल न बोललेलंच बरं.

जीपीएक्स म्हणजे एक्सएमएलच, माहिती टॅगांमध्ये गुंडाळून लिहायची पद्धत. सगळ्यात बाहेर ‘जीपीएक्स’ नावाचा टॅग, आत एकेक पॉइंटाला ‘डब्ल्यूपीटी’, त्याला लॅट आणि लॉन ही दोन ॲट्रिब्युट, आणि पोटात उंची, वेळ, नाव, टिप्पणी वगैरे. बोट जाते त्या वाटेचा ट्रॅक वेगळा. सध्या चालतं ते १.१ व्हर्जन २००४ चं, आणि त्याचा स्कीमा एक्सएसडी या स्कीमा लिहायच्या भाषेत लिहिलेला आहे, फुकट मिळतो, वाचायलाही सोपा आहे. एक्सएसडी हा प्रकार डब्ल्यू३सीने, म्हणजे वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने, २००१ मध्ये आणला, एक्सएमएल त्याच्या आधी तीन वर्षं, १९९८ मध्ये. त्यापूर्वी डीटीडी होतं, पण डीटीडीला ‘इथे दशांश आकडा हवा आणि तो ९० च्या आत हवा’ असं सांगता येत नाही, इथे हा टॅग येतो आणि त्याच्यानंतर तो येतो, एवढंच सांगता येतं. आकड्यांचे प्रकार आणि मर्यादा आल्या त्या एक्सएसडीमुळे.

पायथनमध्ये एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करायला हवी, भाषेसोबत येणारी जी एलिमेंटट्री लायब्ररी आहे ती एक्सएमएल वाचते पण स्कीमाला लावून तपासत नाही, अजिबात नाही. टॅग उघडलेत तेवढे बंद झालेत का, कोट नीट आहेत का, हे ती बघते. तिथे एरर आला नाही म्हणजे फाईल चांगली असं समजून पुढे जाणारे बरेच असतात. स्कीमासाठी एलएक्सएमएल घ्यायची, आतून ती लिबएक्सएमएल२ ही सी मधली जुनी, मुरलेली लायब्ररी वापरते. पिपने टाकली की झालं, विंडोजवरही आता त्रास होत नाही.

कोड इथे चिकटवत नाही, चारपाच ओळींचाच आहे, तोंडीच सांगते. एक्सएसडीची फाईल पार्स करायची, तिच्यापासून एक्सएमएलस्कीमा नावाचा ऑब्जेक्ट बनवायचा, हे एकदाच, प्रत्येक फाईलला पुन्हा पुन्हा नाही. मग आपली फाईल पार्स करायची आणि स्कीमाच्या व्हॅलिडेट फंक्शनला द्यायची, ते ट्रू किंवा फॉल्स देतं. फॉल्स आलं की स्कीमाचा एररलॉग फिरवायचा, त्यात प्रत्येक चुकीची ओळ आणि मेसेज असतो. असर्टव्हॅलिड म्हणूनही एक आहे, ते ट्रू फॉल्स न देता सरळ एक्सेप्शन फेकतं, पण माझ्यासारखं ज्याला दुसऱ्याच्या चुकांची यादी करून त्याला पाठवायची आहे त्याला व्हॅलिडेटच बरं. आणि स्कीमा डाउनलोड करून फोल्डरमध्येच ठेवायचा. एक तर लिबएक्सएमएलला एचटीटीपीएसचा पत्ता दिला तर ती स्वतः जाऊन आणत नाही, आणि दुसरं म्हणजे जूनमध्ये आमच्याकडे लाईट आणि नेट दोन्ही वाऱ्यावर असतात, त्यांच्या भरवशावर कसली तपासणी करता.

आता खऱ्या फाईलींकडे येऊ. सगळ्यात जास्त वेळा येणारा एरर म्हणजे मुळाच्याच टॅगवर, ‘जीपीएक्स या एलिमेंटसाठी जुळणारं ग्लोबल डिक्लेरेशन नाही’ अशा अर्थाचा. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं फाईल पूर्ण बाद. बहुतेक वेळा मामला फक्त नेमस्पेसचा असतो, म्हणजे टॅग कुठल्या घराण्यातले ते सांगणाऱ्या पत्त्याचा. एकतर नेमस्पेस लिहिलेलाच नसतो, किंवा फाईल जुन्या १.० व्हर्जनची असते आणि त्याचा नेमस्पेस वेगळा, शेवटी १/१ च्या जागी १/०. डोळ्यांना दोन्ही फाईली सारख्याच दिसतात, स्कीमाला ती दोन वेगळी गावं. म्हणून तपासायच्या आधी मुळाच्या टॅगचा नेमस्पेस वाचून घ्यायचा आणि १.० असेल तर १.० चाच स्कीमा लावायचा. नेमस्पेस बदलून १.१ मध्ये ढकलायचा मोह होतो, पण १.० मध्ये ट्रॅकच्या पॉइंटात स्पीड आणि कोर्स थेट लिहिता येतात आणि १.१ मध्ये ते काढून टाकलेत, त्यामुळे एक एरर जातो आणि त्याच्या जागी ढीगभर येतात. काही ॲप तर स्वतःच असं करतात, वर लिहिणार १.१ आणि आत स्पीड तसाच ठेवणार.

दुसरा एरर क्रमाचा. स्कीमामध्ये डब्ल्यूपीटीच्या पोटातले टॅग सिक्वेन्स म्हणून दिलेत, म्हणजे आधी उंची, मग वेळ, मग बऱ्याच खाली नाव, मग टिप्पणी, मग वर्णन. सगळे ऐच्छिक, पण असतील तर याच क्रमाने. एक्सेलवाल्या भाच्याच्या फाईलीत नाव सगळ्यात आधी, कारण वहीत नाव आधी होतं. मेसेज येतो की ‘हे एलिमेंट इथे अपेक्षित नाही, अपेक्षित आहे ते यांपैकी’ आणि पुढे लांबलचक यादी. गंमत म्हणजे तक्रार नावाबद्दल नसते, नावाच्या नंतर आलेल्या उंचीबद्दल असते, कारण नाव आलं तिथे काहीच बिघडलं नव्हतं, बिघडलं ते नंतर मागचं काहीतरी पुढे आलं तेव्हा. आणि एकाच पॉइंटात क्रमाच्या दोन चुका असल्या तर पहिली सांगून तो गप्प बसतो, दुसरी कळते पहिली काढल्यावर. म्हणून एरर किती आले हे मोजून ‘फाईल किती खराब’ ठरवू नये, त्या आकड्याला फारसा अर्थ नाही. क्रम लावायचं काम मात्र मी बिनधास्त स्क्रिप्टवर सोडते, पोटातले टॅग स्कीमाच्या क्रमाने पुन्हा रचायचे, यात माहिती बदलत नाही त्यामुळे कोणाला विचारायचीही गरज नाही.

तिसरा मला फार आवडला. एका फाईलीत आकडेच देवनागरीत, १६.३८ असे, कारण टाईप करणाऱ्याच्या मोबाईलचा कीबोर्ड मराठी. स्कीमाने लगेच नाकारलं, दशांश आकडा म्हणजे त्याला शून्य ते नऊ हे इंग्रजी आकडेच लागतात. पण हीच स्ट्रिंग पायथनच्या फ्लोटला, म्हणजे मजकुराचा आकडा करणाऱ्या फंक्शनला, दिली तर तो आनंदाने वाचतो, देवनागरी आकडे त्याला चालतात! म्हणजे ‘स्कीमाबिमा कशाला, मी फ्लोट करून बघतो’ म्हणणाऱ्याची तपासणी पास, आणि तीच फाईल बोटीवरच्या मशीनमध्ये घातली की मशीन ती वाचेलच याची खात्री नाही. उलट बाजूही आहे, एक्सेल कधीकधी आकडा ई टाकून घातांकात लिहितं, तेही फ्लोटला चालतं आणि स्कीमाच्या डेसिमलला चालत नाही. आणि फ्लोटला ‘नॅन’ (म्हणजे ‘आकडा नाही’) हा शब्दसुद्धा आकडा वाटतो. स्कीमा लावण्यात अर्थ आहे तो इथे, आपण कोडमध्ये जे तपासतो ते आपल्या भाषेच्या सवयीने तपासतो, आणि फाईल वाचणारं मशीन दुसऱ्याच भाषेत लिहिलेलं असतं.

फाईल वाचताना एक अडचण सगळ्यांनाच येते. फाईल टेक्स्ट म्हणून उघडून स्ट्रिंग एलएक्सएमएलला दिली, आणि वर एन्कोडिंग (अक्षरं बाईट्समध्ये कशी साठवलीत ते) लिहिलेली पहिली ओळ असली, की ती सरळ व्हॅल्यूएरर देते, अशी स्ट्रिंग घेणार नाही म्हणते. बरोबर आहे तिचं, स्ट्रिंग झाली म्हणजे एन्कोडिंग सुटलेलं असतं आणि वरची ओळ मात्र अजून यूटीएफ-८ की यूटीएफ-१६ ते सांगत असते, खरं कोणाचं मानायचं? बाईट्स द्यायचे किंवा फाईलचा पाथ द्यायचा, ती आपली आपण बघते.

आणि रिकव्हर. पार्सरला रिकव्हर ट्रू म्हणून सांगितलं की तो मोडक्या फाईलीतूनही जमेल तेवढं उचलतो. इंटरनेटवर कोणी ‘पार्स होत नाही’ म्हणून विचारलं की हमखास कोणीतरी हा उपाय सांगतंच. एका बोटीचा ट्रॅक लिहिताना मधेच बॅटरी गेली होती, फाईल अर्धवट, शेवटचे टॅग बंदच नाहीत. रिकव्हरने ती वाचली तर पार्सर उघडे टॅग स्वतः बंद करतो, स्कीमा पास म्हणतो, आणि परतीच्या वाटेचा अर्धा ट्रॅक गायब आहे हे कोणालाच कळत नाही. रिकव्हर वापरायचं नाही असं मी म्हणत नाही, पण आधी त्याच्याशिवाय पार्स करून बघायचं, पडलं तर फाईलीवर ‘तुटकी’ असा शिक्का मारायचा, आणि मगच रिकव्हरने जे मिळेल ते काढायचं. लांब ट्रॅकच्या फाईलींत अजून एक विचित्र गोष्ट दिसू शकते, सगळे एरर ६५५३५ याच ओळीवर. ती ओळ काही शापित नाही, लिबएक्सएमएलमध्ये नोडचा ओळ नंबर सोळा बिटांत ठेवलेला असतो आणि सोळा बिटांत त्याच्यापुढे मोजता येत नाही. तेव्हा ओळीऐवजी पॉइंटाची वेळ किंवा नाव छापायचं.

हे सगळं झालं फाईलीच्या आकाराबद्दल. इथपर्यंत स्कीमा सोबत येतो आणि चांगला येतो. खरी मजा आहे ती पास झालेल्या फाईलींत.

आमच्याकडे तांडेल, म्हणजे बोट चालवणारे, पोझिशन सांगतात ती अंश आणि मिनिटांत, मशीनवर दिसते तशी. १६ अंश २२.८०० मिनिटं. जीपीएक्समध्ये मात्र कायम दशांश अंश लागतात, म्हणजे २२.८ भागिले ६०, म्हणजे १६.३८. आता वहीत लिहिलंय ‘१६ २२.८००’, टाईप करणाऱ्याने केलं १६.२२८००. तसंच रेखांश ७३ अंश २१ मिनिटं, म्हणजे ७३.३५, ते झालं ७३.२१. पॉइंट गेला साधारण १७ किलोमीटर दक्षिणेला आणि १५ किलोमीटर पश्चिमेला, देवगडच्या तोंडावरचं खडप आचऱ्याच्या बाहेर भर समुद्रात. नॉर्वेचा पॉइंट निदान हसवतो तरी, हा हसवतही नाही, कारण तो दिसायला एकदम बरोबर दिसतो, समुद्रात आहे, आपल्याच जिल्ह्यासमोर आहे, स्कीमा पास आहे. नकाशाचा प्रिंट काढून एका तांडेल काकांना दाखवला तर त्यांनी बोट ठेवलं नेमकं तिथेच आणि म्हणाले, “गो बाय, हय खडप खय असा? हयसर तर आमी रोज जाळी मारतव.” कुठलीही लायब्ररी इतक्या पटकन एरर देत नाही.

उलटंही होतं, दशांशातला १६.३८ कोणी मशीनमध्ये १६ अंश ३८ मिनिटं म्हणून टाकतो आणि ७३.३५ ला ७३ अंश ३५ मिनिटं, मग खडप निघतं राजापूरच्याही पलीकडे डोंगराकडे. राजापूरला गंगा येते हे मान्य, पण एवढीही येत नाही.

मिनिटांचा घोळ आपोआप पकडायची एक युक्ती मला सुचली होती आणि सुचली तेव्हा भारीच वाटली. मिनिटं ६० च्या वर जात नाहीत, म्हणजे चुकीने टाईप केलेल्या फाईलीत दशांशानंतरचे पहिले दोन आकडे कधीच ६० किंवा जास्त असणार नाहीत, खऱ्या दशांश अंशांत ते असायला हवेत. डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंतचे पॉइंट एकत्र असतील तर ही युक्ती चालेल. एका बंदराच्या फाईलीत नाही चालत, देवगडच्या आसपासचे अक्षांश खरेच १६.२ ते १६.६ च्या दरम्यान येतात, सगळेच ६० च्या खाली. त्यापेक्षा उपयोगी पडलं ते दोन गोष्टींचं. एक, दशांशानंतर किती आकडे लिहिलेत ते, मशीनवरून बघून लिहिलेल्या मिनिटांना तीन दशांश असतात म्हणून चुकीचा आकडा नेमका पाच दशांशांचा होतो, १६.२२८००, आणि फाईलभर सगळेच पाच दशांशांचे असले की संशय घ्यायचा. हे बघायचं तर ॲट्रिब्युटची मूळ स्ट्रिंगच बघावी लागते, फ्लोट केलं की शेवटची शून्यं उडतात आणि पुरावाही उडतो. दोन, त्याच बोटीचा ट्रॅक. ट्रॅक मशीन स्वतः लिहितं, त्यात माणसाचा हात नसतो. बोट जिथे कधी गेलीच नाही अशा जागी त्या बोटीचं जाळं अडकलेलं असू शकत नाही, म्हणून प्रत्येक पॉइंट त्याच बोटीच्या ट्रॅकपासून किती लांब ते मोजायचं आणि फार लांब असेल तर बाजूला काढायचा. हे स्कीमात बसवता येत नाही, कितीही डोकं लावलं तरी.

खोलीचंही तसंच. जीपीएक्समध्ये खोलीसाठी वेगळा टॅग नाही, उंचीचा आहे, तो मीटरमध्ये. लोक त्यातच खोली टाकतात, कोणी उणे करून, कोणी तशीच, आणि जुने लोक सांगतात वावमध्ये, एक वाव म्हणजे साधारण ६ फूट. २० वाव पाणी म्हणजे ३६ मीटरच्या वर. उंचीच्या टॅगात २० लिहिलं तर स्कीमाला तो एक दशांश आकडा, पास. वेळही अशीच, ‘०५/०६’ पद्धतीची तारीख स्कीमा लगेच फेकतो, पण शेवटचा झेड (यूटीसीची, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेची खूण) न लिहिलेली भारतीय वेळ त्याला चालते, आणि मग पुढचा प्रोग्राम ती यूटीसी समजून साडेपाच तास सरकवतो.

खोली आणि तळ कसा आहे हे मला हवंच होतं, म्हणून ते एक्स्टेन्शनमध्ये टाकलं. जीपीएक्सने प्रत्येक पॉइंटाच्या शेवटी एक्स्टेन्शन्स नावाची जागा ठेवली आहे, तिथे दुसऱ्या नेमस्पेसचं काहीही चालतं. ‘काहीही’ म्हणजे स्कीमामध्ये लॅक्स लिहिलंय, त्या नेमस्पेसचा स्कीमा हाताशी असला तर तपासतो, नसला तर बघून न बघितल्यासारखं करतो. इथेच फसगत होते, आपण खोलीच्या टॅगचं स्पेलिंग चुकलो तरी एरर नाही, लोकांना वाटतं सगळं तपासलं गेलं. तेव्हा आपल्या नेमस्पेसचा छोटासा स्कीमा लिहायचा, आणि एक वेगळी एक्सएसडी करून तिच्यात जीपीएक्सचा आणि आपला असे दोन्ही स्कीमा इम्पोर्ट करायचे. मूळ जीपीएक्सच्या स्कीमाला मात्र हात लावायचा नाही. ‘इथे अक्षांश १५ ते १९ एवढाच ठेवते’ म्हणून ती फाईल बदलली की उद्या कोणाला कळणारही नाही की आपण जीपीएक्स तपासतोय की आपलं मनचं काहीतरी.

आपल्या स्कीमात खोलीला एकक सक्तीचं केलं, मीटर किंवा वाव, तिसरं नाही. बोटीच्या नोंदणी नंबरासाठी पॅटर्न टाकला, आणि पायथनच्या रेजेक्सची (मजकुराचे नमुने शोधायच्या भाषेची) सवय असलेल्यांसाठी इथे एक खड्डा आहे, एक्सएसडीचा पॅटर्न आपोआप पूर्ण मजकुराला लागू होतो, सुरुवातीचा टोपीवाला (^) आणि शेवटचा डॉलर ($) लावायचा नसतो. लावला तर तो साधं अक्षर समजला जातो, म्हणजे बोटीचा नंबर खरोखर टोपीने सुरू व्हायला पाहिजे आणि डॉलरने संपायला. एकही नंबर पास होत नाही आणि माणूस पॅटर्नच्या मधल्या भागात चूक शोधत बसतो.

आता कोणी म्हणेल की सगळे नियम स्कीमातच का नाही. एक्सएसडी १.१ मध्ये असर्ट आहे, २०१२ पासून, त्यात ‘हे असेल तर ते हवं’ असे नियम लिहिता येतात. पण लिबएक्सएमएलला १.१ येत नाही, त्यामुळे एलएक्सएमएललाही नाही. एक्सएमएलस्कीमा याच नावाचं वेगळं पायथन पॅकेज आहे त्याला येतं, शुद्ध पायथनमध्ये लिहिलेलं असल्याने मोठ्या ट्रॅकला हळू चालतं. श्कीमाट्रॉन आहे, ते नियमांसाठीच बनलेलं आणि मेसेज आपल्या शब्दांत लिहिता येतो, एलएक्सएमएलमध्ये त्याची सोयही आहे. रिलॅक्सएनजी ही स्कीमाची आणखी एक भाषा, वाचायला या सगळ्यांत गोड, पण जीपीएक्सचा स्कीमा आहे एक्सएसडीत, त्यामुळे तो विषय संपला. माझं म्हणाल तर अंतर मोजायचं, ट्रॅकशी ताडून बघायचं, हे साध्या पायथन फंक्शनांत लिहिलेलं बरं. पुढच्या वर्षी हे काम कॉलेजमधल्या एखाद्या पोराकडे जाईल, त्याला पायथन येत असेल, श्कीमाट्रॉन येत असेलच असं नाही. ‘१५ ते १९ अक्षांश, ७० ते ७४ रेखांश, बाहेरचं सगळं संशयित, आणि दोन्ही उलटे केल्यावर आत येत असतील तर उलटेच टाकलेत’ ही एक ओळ कोणालाही वाचता येते, आणि नॉर्वेवाले सगळे तिथेच सापडतात.

फक्त एक शिस्त पाळते. स्कीमात नापास आणि आपल्या नियमात संशयित, या दोन याद्या वेगळ्या. पहिली यादी मी परस्पर दुरुस्त करू शकते, क्रम लावला, नेमस्पेस घातला, देवनागरी आकडे बदलले, त्यात शंकेला जागा नाही. दुसऱ्या यादीतला एकही आकडा मी स्वतः बदलत नाही. उलटे दिसणारे आकडेसुद्धा नाही. तो पॉइंट ज्याचा त्याच्याकडे व्हॉट्सॲपवर परत जातो, एररलॉगमधला इंग्रजी मेसेज नाही, साधं मराठीत: ‘काका, तुमचा अमुक पॉइंट आचऱ्याच्या बाहेर दिसतोय, वहीत २२ मिनिटं आहेत का?’ उत्तर येतं ते बहुतेक वेळा व्हॉइस मेसेजमध्ये, मागे कोंबडे आरवत असतात, आणि त्यात खडपाची जागा सोडून कोणाची बोट तिथे कधी अडकली होती याचीही गोष्ट असते, तो भाग कुठल्याच टॅगात बसत नाही पण मी वर्णनाच्या टॅगात थोडासा घालते.

सगळं एकत्र झाल्यावर बाहेर जाणारी फाईलही पुन्हा त्याच स्कीमातून काढायची, आपणच लिहिली म्हणून सोडायची नाही. आणि शेवटचं एक, जे स्कीमात कुठेही लिहिलेलं नाही: नावाचा टॅग म्हणजे नुसती स्ट्रिंग, लांबीला बंधन नाही, देवनागरीही चालते, पण बोटीवरची मशीनं लांब नावं कापतात आणि काहींवर देवनागरीच्या जागी चौकोन दिसतात. म्हणून नावात आखूड इंग्रजी अक्षरं आणि नंबर, आणि खरं मराठी नाव वर्णनात. मोबाईलवर बघणाऱ्यांना ते पूर्ण दिसतं.